तारखेचा हिशेब

एक लाख दहा हजार कोटी रुपये. पाटीवर लिहायचे तर अकरावर अकरा शून्ये. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात तेव्हाचे उपमुख्यमंत्री आणि अर्थमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी हा आकडा सभागृहात सांगितला. जुनी पेन्शन पुन्हा लागू केली तर तिजोरीवर एवढा बोजा पडेल आणि राज्य दिवाळखोरीत जाईल, असे त्यांचे म्हणणे होते. त्या वर्षीच्या अर्थसंकल्पात राज्याची महसुली जमा धरली होती सुमारे ४ लाख ३ हजार कोटी. म्हणजे रुपयातले चार आणे नुसत्या या एका मागणीपायी जाणार, असा त्याचा अर्थ झाला. ऐकणाऱ्याच्या पोटात गोळा यावा असाच आकडा.

मंडळी, मी आयुष्यभर मुलांना गणित आणि इतिहास शिकवला. मराठी माध्यमातून बी. ए. झालेल्या मास्तराकडे गणित कसे आले, ही वेगळी कथा आहे. त्या काळी शाळेत जो तास रिकामा असेल तो ज्याच्या वाट्याला येईल त्याचा! पण त्यामुळे एक सवय लागली. उत्तर आधी पाहायचे नाही, रीत पाहायची. हा आकडा ऐकला तेव्हा मनात पहिला प्रश्न आला तो असा, की हे एक लाख दहा हजार कोटी कोणत्या वर्षीचे? यंदाचे? की वीस वर्षांनंतरचे? दरवर्षीचे, की सगळी वर्षे मिळून? वर्तमानपत्रांत आकडा ठळक अक्षरांत आला. वर्ष काही कोणी ठळक छापले नाही.

कर्मचाऱ्यांच्या कोणत्याही मागणीची किंमत काढताना तीन गोष्टी आधी ठरवाव्या लागतात. माणसे किती धरायची, कोणत्या तारखेपासून धरायचे, आणि खर्चातून परत येणारे वजा करायचे की नाही. या तिन्हींत थोडे इकडेतिकडे केले की त्याच मागणीचे उत्तर निम्मे करता येते आणि दुप्पटही करता येते. यात खोटे बोलावे लागत नाही.

साधे उदाहरण घेऊ. एका शाळेत वीस माणसे आहेत आणि सगळ्यांचे मिळून महिन्याचे मूळ वेतन दहा लाख रुपये आहे असे धरा. महागाई भत्ता एक टक्का वाढला तर महिन्याला दहा हजार, वर्षाला एक लाख वीस हजार. इथपर्यंत पाचवीतला मुलगाही करेल. पण जुन्या पेन्शनीत निवृत्तांनाही तोच भत्ता लागतो, म्हणजे शाळेतून आजवर निवृत्त झालेले सगळे मास्तर मोजणीत आले. नव्या पेन्शनवाल्यांसाठी सरकार वेतन अधिक भत्त्यावर १४ टक्के भरते, म्हणजे भत्ता वाढला की तेही वाढले. घरभाड्याचे दर भत्त्याने ठरावीक पायरी ओलांडली की वाढतात. उलट बाजूला, वाढलेल्या पगारातला काही भाग आयकरात जातो. तो दिल्लीला जातो खरा, पण वित्त आयोगाच्या वाटपातून त्यातला काही अंश राज्यांकडे परत येतो. उरलेला बाजारात जातो आणि त्यावरचा कर पुन्हा तिजोरीत येतो. सरकार हिशेब मांडते तेव्हा पहिली बाजू पूर्ण असते. संघटना मांडते तेव्हा दुसरी.

ही मोजामोज काही आजची नाही. १९३९ मध्ये दुसरे महायुद्ध सुरू झाले, धान्याचे आणि कापडाचे भाव चढले, आणि जीआयपी रेल्वेच्या कामगारांनी महागाई भत्ता मागितला. जीआयपी म्हणजे आपलीच. मुंबईहून भुसावळ, अकोला, बडनेरा करत नागपूरला जाणारी. त्या तंट्यासाठी सरकारने १९४० मध्ये चौकशी न्यायालय नेमले. त्याचे अध्यक्ष होते बेनेगल नरसिंह राव, जे पुढे घटना समितीचे सल्लागार म्हणून प्रसिद्ध झाले. भाव किती वाढले, त्याची झळ कोणत्या पगाराच्या माणसाला किती लागते आणि ती किती भरून द्यायची, असा तो प्रश्न होता. पुढे महागाई भत्त्याची जी सगळी व्यवस्था उभी राहिली ती याच प्रश्नावर.

आता येऊ १९७७ वर. माझ्या वयाच्या लोकांना हे साल आणीबाणी उठल्याचे म्हणून आठवते, पण सरकारी कर्मचाऱ्यांच्या घरांत ते संपाचे साल आहे. १४ डिसेंबर १९७७ पासून राज्य सरकारी कर्मचाऱ्यांचा बेमुदत संप सुरू झाला आणि तो ५४ दिवस चालला. नेते होते र. ग. कर्णिक. मुख्यमंत्री वसंतदादा पाटील. मुख्य मागणी एका ओळीची होती: केंद्र सरकार आपल्या नोकरांना ज्या दराने महागाई भत्ता देते त्याच दराने आम्हालाही द्या.

मागणीमागचे कारण समजून घेण्यासारखे आहे. तिसऱ्या केंद्रीय वेतन आयोगाने केंद्राच्या नोकरांसाठी सूत्र घालून दिले होते. ग्राहक किमतींच्या निर्देशांकाची बारा महिन्यांची सरासरी २०० च्या वर दर आठ अंकांनी चढली की भत्त्याचा एक हप्ता. राज्यात असे बांधील सूत्र नव्हते. सरकारला जमेल तेव्हा, जमेल तेवढे. आता अकोल्याच्या स्टेशनावरचा बुकिंग क्लार्क केंद्राचा, आणि तहसील कचेरीतला कारकून राज्याचा. दोघेही भाजी एकाच बाजारातून घेणार. एकाचा भत्ता वाढतो, दुसऱ्याचा वाढत नाही. हा फरक कोणाला समजावून सांगायचा?

माझे थोरले बंधू तेव्हा तहसिलीत कारकून होते. आमचे घर तेव्हाही जुन्या शहरातच. संपाच्या त्या दोन महिन्यांत आईने घरखर्चाची जी वही ठेवली ती फार दिवस माळ्यावर होती. तेल अर्धे, साखर बंद, दुधाचा रतीब एक शेरावरून पावशेरावर. दुकानदाराने उधारी दिली, पण वहीच्या मागच्या पानावर त्याची बेरीज दर शनिवारी लिहिलेली असे. संपाचा सगळ्यात खरा हिशेब तोच, असे मला वाटते. समजा पगार ४०० रुपये. ५४ दिवसांचा बुडाला म्हणजे ७२० रुपये गेले. भत्त्यातला फरक महिना ४० रुपये मिळणार असे धरले, तर बुडालेले भरून यायलाच अठरा महिने. आणि मागणी मान्य झाली नाही तर कधीच नाही. दादांनी हा हिशेब आम्हाला करून दाखवला होता आणि तरीही ते ५४ दिवस बाहेर राहिले. तेव्हा मला त्याचे नवल वाटले होते. आता वाटत नाही, कारण दादा एका वर्षाचा हिशेब करत नव्हते, उरलेल्या पूर्ण नोकरीचा करत होते.

सरकारने तेव्हा पैसा नाही असेच सांगितले होते. संप फेब्रुवारी १९७८ च्या पहिल्या आठवड्यात संपला. लगेच विधानसभेची निवडणूक झाली, वसंतदादा पुन्हा मुख्यमंत्री झाले, आणि १८ जुलैला शरद पवारांचे पुलोद सरकार आले. त्या सरकारने केंद्राच्या दराने महागाई भत्ता मान्य केला. तिजोरी तीच, कर तेच, माणसे तीच. त्या सहा महिन्यांत गणित बदलले नव्हते, गणित सोडवणारा बदलला होता. मी कोणा पुढाऱ्याची तरफदारी करत नाही. हा घटनाक्रम ज्याला ठाऊक आहे तो पुढे कधी 'पैसाच नाही' हे वाक्य ऐकतो तेव्हा लगेच मान डोलवत नाही, इतकेच.

पण या विजयाचा एक परिणाम फारसा कोणी बोलून दाखवत नाही. केंद्राचा दर स्वीकारल्यावर राज्याच्या खर्चातला फार मोठा भाग राज्याच्या हातात राहिला नाही. दर कोण ठरवणार? सिमल्याचे लेबर ब्युरो. तिथे देशभरातल्या ठरावीक केंद्रांतले भाव गोळा होतात, त्यावरून निर्देशांक निघतो, त्याच्या बारा महिन्यांच्या सरासरीवरून टक्का निघतो. सातव्या आयोगानंतर ही सरासरी २६१.४२ या आकड्याशी ताडतात. सरासरी त्याहून जितके टक्के जास्त, तितके टक्के भत्ता. २००१ च्या मालिकेत महाराष्ट्रातली केंद्रे होती मुंबई, पुणे, नागपूर, नाशिक आणि सोलापूर. अकोला त्यात नव्हते. आमच्या तुरीच्या डाळीचा भाव कोणी विचारला नाही, पण आमचा भत्ता त्यावर निघत राहिला! असो.

सरकारच्या हातात मग काय उरले? तारीख. दर तोच द्यायचा, पण केव्हापासून? १९७८ नंतरची महाराष्ट्रातली कर्मचाऱ्यांची सगळी भांडणे पाहा. ती बहुतेक दराची नाहीत, तारखेची आहेत.

सातवा वेतन आयोग घ्या. केंद्रात तो १ जानेवारी २०१६ पासून लागू झाला आणि त्याच वर्षी पगारात आला. महाराष्ट्राने के. पी. बक्षी समिती नेमली, आणि डिसेंबर २०१८ अखेरीस मंत्रिमंडळाने निर्णय घेतला. वेतन जानेवारी २०१९ पासून, आणि मधल्या तीन वर्षांची थकबाकी पाच वर्षांत पाच हप्त्यांनी. तेव्हा अडतीस हजार कोटींहून अधिक बोजा असे छापून आले होते. हा आकडाही तपासून पाहण्यासारखा. लोकांनी ऐकले, पगार २.५७ पट झाले. आमचा पुतण्याही म्हणाला, अडीच पट? पण त्या २.५७ मधले २.२५ हे आधीचेच होते. मूळ वेतन १ आणि त्यावर जमलेला १२५ टक्के भत्ता. २.५७ ला २.२५ ने भागा. १.१४ येतात. म्हणजे खरी वाढ चौदा टक्क्यांच्या आसपास, तीही दहा वर्षांनी. आणि थकबाकीचे हप्ते? ज्यांचे भविष्य निर्वाह निधीचे खाते होते त्यांच्या त्या खात्यात जमा. कागदावर खर्च पडला, पण रोख बाहेर गेली नाही. सरकारने आपल्याच नोकराकडून घेतलेले ते कर्ज म्हणा ना. मी हे वाईट म्हणत नाही. अडचणीतला घरधनीही असेच करतो. पण 'बोजा' या एका शब्दाखाली रोख खर्च आणि जमाखर्ची नोंद दोन्ही घातल्यावर वाचणाऱ्याला काय कळणार?

करोनाच्या वेळी तर तारखेचा खेळ उघडच दिसला. केंद्राने जानेवारी २०२० पासूनचे तीन हप्ते गोठवले, आणि जुलै २०२१ पासून भत्ता १७ वरून थेट २८ टक्के केला. दर पूर्ण दिला. मधल्या अठरा महिन्यांची थकबाकी मात्र दिली नाही. त्यातून ३४ हजार ४०२ कोटी वाचल्याचे संसदेत सांगितले गेले. एका तारखेची किंमत चौतीस हजार कोटी.

आता पेन्शन. वऱ्हाडातल्या नोकरदारांच्या नशिबात १ नोव्हेंबर ही तारीख दोनदा आली आहे. पहिली १९५६ ची. त्या दिवशी आपण मध्य प्रदेशातून निघून द्विभाषिक मुंबई राज्यात आलो. नागपूर-अमरावतीकडच्या हजारो कर्मचाऱ्यांचे सरकार एका रात्रीत बदलले. पण राज्य पुनर्रचना कायद्याच्या ११५ व्या कलमात स्पष्ट होते, की केंद्राच्या पूर्वपरवानगीशिवाय त्यांच्या सेवाशर्ती त्यांच्या नुकसानीच्या दिशेने बदलता येणार नाहीत. राज्य बदलले तरी शब्द पाळायचा, असे ते कलम.

दुसरी १ नोव्हेंबर २००५ ची. केंद्राने १ जानेवारी २००४ पासून नव्या भरतीसाठी पेन्शन बंद करून अंशदानाची योजना आणली होती. महाराष्ट्राने ३१ ऑक्टोबर २००५ च्या शासन निर्णयाने तेच केले. १ नोव्हेंबरला किंवा नंतर रुजू होणाऱ्याला जुनी पेन्शन नाही. त्याचे १० टक्के, सरकारचे १० टक्के, (पुढे सरकारचे १४ झाले), आणि निवृत्तीला जे जमेल ते. जे आधीच नोकरीत होते त्यांचा केसही वाकला नाही. म्हणून तर तेव्हा कोणी रस्त्यावर आले नाही! ज्यांचे जाणार होते ते तेव्हा डी. एड. करत होते किंवा शाळेत होते. त्यांची संघटना नव्हती आणि मतही बऱ्याच जणांना नव्हते.

या तारखांच्या रेषांबद्दल सर्वोच्च न्यायालयाने फार पूर्वी बोलून ठेवले आहे. १७ डिसेंबर १९८२ चा नकारा खटल्याचा निकाल. सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांचे घटनापीठ, निकाल लिहिला न्या. डी. ए. देसाई यांनी. केंद्राने सुधारलेली पेन्शन फक्त ३१ मार्च १९७९ ला किंवा नंतर निवृत्त होणाऱ्यांना दिली होती. आदल्या दिवशी निवृत्त झालेल्याने काय गुन्हा केला, असा तो वाद. न्यायालयाने ती रेषा मनमानी ठरवली, आणि पेन्शन ही सरकारची मेहेरबानी नसून केलेल्या सेवेचा मोबदला आहे असे सांगितले. १७ डिसेंबर हा आम्ही पेन्शनर मंडळी पेन्शनर दिन म्हणून पाळतो तो यामुळेच. आता कायद्याने २००५ ची रेषा वेगळी आहे. तिथे एकाच योजनेतल्या लोकांत भेद नाही, योजनाच दोन आहेत. तो फरक मला मान्य आहे. पण घरात एकाच ताटावर बसणाऱ्या दोन माणसांना तो फरक सांगून पाहा.

आमच्याच घरात सांगतो. मला जुनी पेन्शन आहे. सूनबाई जिल्हा परिषदेच्या शाळेत २००७ ला लागली, तिला नाही. दोघेही शिक्षक. तिने एकदा सरळ विचारले, "बाबा, तुम्ही शिकवलं ते काम होतं आणि मी शिकवते ते काय आहे?" मी पेन्शनर दिनाच्या कार्यक्रमाला जातो, तिथे मोबदल्याची भाषा ऐकतो. घरी आल्यावर या प्रश्नाचे उत्तर माझ्याजवळ नसते. तारखेने घर दुभागले जाते ते असे. कितीतरी घरांत हे आहे.

मग आम्ही दोघांनी बसून एक गणित केले. आकडे सोपे धरले. मूळ वेतन ५० हजार, भत्ता ४० टक्के, मिळून ७० हजार. नव्या योजनेत सरकार तिच्या नावाने १४ टक्के भरते, म्हणजे महिना ९,८००. तिचे स्वतःचे १० टक्के, ७,०००. आता ती जुन्या पेन्शनीत आली असे समजू. सरकारचे ९,८०० त्याच महिन्यापासून वाचले! तिच्या हातात ७,००० जास्त आले. आज कोणाचाच तोटा नाही. तोटा कधी? ती निवृत्त होईल तेव्हा. त्याच वेतनावर पेन्शन २५ हजार, त्यावर भत्ता १० हजार, एकूण ३५ हजार, आणि ते दर सहा महिन्यांनी वाढत राहणार, तिच्या शेवटच्या श्वासापर्यंत आणि कुटुंब निवृत्तिवेतन धरले तर त्याच्याही पुढे. २००५ नंतर पंचविशी-तिशीत लागलेली मुले ५८ व्या वर्षी निवृत्त होणार म्हणजे साधारण २०३३ ते २०३८ पासून पुढे. मोठा आकडा आहे तो तिथला.

म्हणजे जुनी पेन्शन परत आणणाऱ्या सरकारला पहिली काही वर्षे उलट पैसे वाचतात, आणि बिल येते ते दहा-पंधरा वर्षांनंतरच्या सरकारला. राजस्थान, छत्तीसगड, झारखंड, पंजाब, हिमाचल या राज्यांनी २०२२-२३ मध्ये ती परत आणण्याचे ठरवले त्याची एक खुबी यात आहे. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०२३ च्या पत्रिकेत आलेल्या अभ्यासातही हेच निघाले. सुरुवातीला खर्च कमी, पण एकूण भार नव्या योजनेच्या साडेचार पटीपर्यंत जाऊ शकतो, आणि २०६० पर्यंत वार्षिक जादा भार देशाच्या उत्पन्नाच्या ०.९ टक्क्यापर्यंत.

याची दुसरी बाजूही आहे, आणि ती २००५ मध्ये कोणी मोठ्याने सांगितली नाही. नवी योजना आणली की खर्च लगेच कमी होत नाही, वाढतो. जुन्यांची पेन्शन द्यायचीच असते, वर नव्यांचे अंशदान भरायचे. एकाच वेळी दोन पिढ्यांचे ओझे. बचत दिसते ती तीस वर्षांनी. २००५ ला बचत सांगितली, वर्ष सांगितले नाही. २०२२ ला बोजा सांगितला, वर्ष सांगितले नाही.

राजकारणाने मग आपल्या पद्धतीने गणित सोडवले. नागपूरच्या त्या भाषणानंतर दीड महिन्याच्या आत, ३० जानेवारी २०२३ ला शिक्षक आणि पदवीधर मतदारसंघांच्या निवडणुका होत्या. प्रचारात सत्ताधाऱ्यांचा सूर मवाळ झाला. आम्ही जुन्या पेन्शनबाबत नकारात्मक नाही, असे सांगण्यात येऊ लागले. तरी अमरावती पदवीधरमध्ये आमच्या अकोल्याचे डॉ. रणजीत पाटील, माजी राज्यमंत्री, धीरज लिंगाडे यांच्याकडून हरले. नागपूर शिक्षक मतदारसंघातही सत्ताधाऱ्यांच्या हाती काही लागले नाही. पेन्शन हे एकच कारण होते असे मी म्हणणार नाही. पण शिक्षकांच्या खोलीत त्या महिन्यात दुसरा विषय नव्हता.

१४ मार्च २०२३ ला संप सुरू झाला. 'एकच मिशन, जुनी पेन्शन'. दहावीची परीक्षा चालू होती. आणि नेमक्या त्याच आठवड्यात अवकाळी पाऊस आणि गारपीट. गहू आडवा झाला, हरभरा भिजला, पंचनाम्याला तलाठी नाही, कृषी सहायक नाही, सगळे संपावर. माझा पुतण्या बाळापूर तालुक्यात शेती करतो. तो आला आणि माझ्यासमोर बसून म्हणाला, "काकाजी, तुमचा भत्ता सहा महिन्यानं वाढते. आमच्या कापसाचा भाव कोन वाढवते? आमच्यासाठी काहून नाही बसवत सिमल्यात एखांदा मानूस?"

सूनबाई आतून म्हणाली, "भाऊजी, आमच्या पगारातून दर महिन्याला व्यवसाय कर कापला जातो, तो कशासाठी सुरू झाला माहीत आहे का?" आणि हे तिचे बरोबर होते. १९७५ चा व्यवसाय कर हा रोजगार हमी योजनेला पैसा उभा करण्यासाठी आला. शहरातल्या पगारदाराने दुष्काळी गावातल्या मजुरासाठी दिलेला तो कर. वर्षाला जास्तीत जास्त २,५०० रुपये. पण पुतण्याने हसून विचारले, "वयनी, अडीच हजारात माहा गहू उभा होते का?" यावर ती गप्प झाली. मी पण.

त्याचे म्हणणे हिशेबाच्या भाषेत मांडायचे तर असे होईल, की पगार, निवृत्तिवेतन आणि व्याज यांत राज्याच्या महसुलाचा निम्म्याहून अधिक भाग जातो. उरलेल्यात रस्ते, पाणी, शाळेची इमारत आणि त्याचा पंचनामा. संघटनांच्या पत्रकात 'आमच्यावर अन्याय' याचे गणित असते, आणि ते खरे असते. पण बेरजेत पुतण्या कुठेच नसतो. सरकारच्या आकड्यात तो असतो, पण फक्त आम्हाला नाही म्हणायचे असेल तेव्हा. १९७२ ला सुरू झालेली कापूस एकाधिकार खरेदी तोट्यात गेली म्हणून गुंडाळली, तेव्हा तिजोरीचे हेच कारण त्यालाही सांगितले होते. हे मात्र दोन्हीकडच्या लोकांनी एकमेकांना कधी सांगितले नाही.

संप २० मार्चला मागे घेतला गेला. सुबोधकुमार, के. पी. बक्षी आणि सुधीरकुमार श्रीवास्तव या तीन निवृत्त सनदी अधिकाऱ्यांची समिती बसली. डिसेंबरात पुन्हा संपाची हाक आली, तारीख १४ डिसेंबर. ती निवडणाऱ्यांना १९७७ आठवत असणार. तो संप लगेच स्थगित झाला. जानेवारी २०२४ मध्ये आणखी एक तारीख हलली. ज्यांची भरतीची जाहिरात १ नोव्हेंबर २००५ च्या आधी निघाली होती पण रुजू व्हायला उशीर झाला, अशा सुमारे २६ हजार जणांना जुन्या पेन्शनचा विकल्प मिळाला. रेषा तीच, मोजायची कुठून ते बदलले. नेमणूक आधीची पण शाळेला शंभर टक्के अनुदान नंतर आले, अशा शिक्षकांचे भांडण मात्र न्यायालयांतून फिरत राहिले. १ मार्च २०२४ ला विधानसभेत सुधारित योजनेची घोषणा झाली, शेवटच्या वेतनाच्या ५० टक्के आणि त्यावर महागाई वाढ. मग २४ ऑगस्टला केंद्राने एकीकृत पेन्शन आणली आणि दुसऱ्याच दिवशी महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने ती स्वीकारली. पंचवीस वर्षे नोकरी झाली तर शेवटच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या निम्मे, कुटुंबाला त्याच्या ६० टक्के, दहा वर्षे झालेल्याला किमान दहा हजार. अंशदान मात्र चालूच. केंद्रात सरकारचा वाटा १८.५ टक्के.

मला ही योजना बरी वाटते. जुन्या पेन्शनीचा शब्द त्यात आहे, आणि बिल पुढच्या पिढीवर न ढकलता आजच थोडे थोडे भरण्याची शिस्तही आहे. संघटनांना ती अपुरी वाटते, कारण दहा टक्के कापणे थांबत नाही. सूनबाईचे मत अजून ठरलेले नाही. तिची नोकरी ५८ व्या वर्षी तेहतीस वर्षांची होईल, तेव्हा पंचवीस वर्षांची अट तिला अडणार नाही. पण नव्या योजनेत निवृत्तीच्या वेळी ६० टक्क्यांपर्यंत रक्कम एकदम हातात येते, ती सोडायची की नाही, यावर तिचे आणि माझ्या मुलाचे एकमत नाही. मुलगा खासगी नोकरीत आहे. त्याला ना ही पेन्शन ना ती, त्यामुळे तो दोघांनाही हसतो.

आता आठवा वेतन आयोग बसला आहे. अध्यक्ष न्या. रंजना प्रकाश देसाई, आपल्या मुंबई उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या. अहवालाला अठरा महिन्यांची मुदत आहे. सातव्या आयोगाची दहा वर्षे ३१ डिसेंबर २०२५ ला पूर्ण झाली. शिक्षकांच्या खोलीत फिटमेंट दोनाचे की तिनाचे, यावर पैजा लागतात म्हणे. सूनबाईला मी सांगितले आहे, पट विचारू नकोस, त्यातला जुना भत्ता किती ते विचार. आणि केंद्राचा निर्णय झाल्यावर राज्याची समिती किती दिवसांनी बसते ते बघ. मागच्या वेळी पगारात यायला तीन वर्षे लागली होती.